एक दिवस शिकविण्याचाही

संत नामदेवांची नरसी ज्याच्या शेजारी आहे, त्या आमच्या पुसेगावात संतांचा कधी तोटा नव्हता. तथापि मुलाला शाळेत घालण्याचा प्रसंग आला की येथील पालकास आपल्या शिवारातला संत पुरेनासा होतो, आणि इटली, फ्रान्स अथवा स्पेन या मुलुखांतील एखाद्या साधुपुरुषाच्या नावाची पाटी ज्या इमारतीवर असेल, तिच्याकडे त्याची पावले आपसूक वळतात. शाळेस नामदेवांचे नाव असले तर शुल्क निम्मे करून मागण्याचा अधिकार आपणास प्राप्त होतो, अशी त्याची समजूत असावी. 'सेंट' म्हटले म्हणजे घासाघीस करण्याची छाती होत नाही. (सेवागिरी महाराजांच्या यात्रेने प्रसिद्ध झालेले पुसेगाव ते सातारा जिल्ह्यातले, आम्ही हिंगोली जिल्ह्यातले. आमची टपालाची तक्रार निराळी आहे, ती पुन्हा केव्हातरी.)

येथे एक भेद आरंभीच नमूद केला पाहिजे. 1977 साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या कक्षेत आमचा जिल्हाही मोडतो. परंतु कॅथलिक वस्ती या बाजूस इतकी विरळ की 'कॉन्व्हेंट' या नावाने मिरविणाऱ्या पुष्कळ शाळांत धर्मगुरू, धर्मभगिनी अथवा प्रार्थनामंदिर यांपैकी काहीच आढळत नाही, आणि ज्या संताचे नाव संस्थेस दिले त्याने आयुष्यात काय केले असे संस्थाचालकांस विचारले असता ते चहा मागवितात. अस्सल कॅथलिक शाळांचे पंचांग निदान अस्सल असते. नकली शाळांनी त्यांचा गळपट्टा उचलला, नाताळ उचलला, वार्षिक अहवालाची गुळगुळीत पुस्तिका उचलली. पहाटे उठून वर्ग झाडून घेणारी आणि सायंकाळी कच्च्या मुलास शेजारी बसवून वाचावयास लावणारी सिस्टर तेवढी उचलावयाची राहून गेली, कारण ती छायाचित्रात नीट येत नाही.

अस्सल शाळेच्या पंचांगाविषयी मात्र आमच्या मनात निर्भेळ कौतुक आहे. परमेश्वर आणि शिक्षण खाते यांच्यात काही गुप्त तह झाला असावा, असे वाटण्याजोगे योग त्यात जुळून आलेले आहेत. 15 ऑगस्टला मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, त्याच दिवशी देशाचे स्वातंत्र्य. 5 सप्टेंबरला शिक्षक दिन, आणि 1997 साली त्याच तारखेस मदर तेरेसा निवर्तल्यामुळे त्यांचाही स्मृतिदिन. 2 ऑक्टोबरला रक्षक देवदूतांचा सण आणि गांधीजींची जयंती. 21 जूनला विद्यार्थ्यांचे आश्रयदाते संत अलॉयसियस. त्यांच्या शेजारी 2015 पासून योग दिनाने आपली चटई अंथरली. 24 जानेवारीला लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स आणि राष्ट्रीय बालिका दिन. 1 मे हा तर त्रिवेणी संगमच: श्रमिक संत योसेफाचा सण, 1960 सालचे महाराष्ट्र राज्य आणि 1999 सालचा आमचा हिंगोली जिल्हा. एका मंडपात, एका हारात, एकाच प्रमुख पाहुण्याच्या एकाच भाषणात तिन्ही उत्सव उरकता येतात. हा काटकसरीचा आदर्श अन्य शाळांनी अवश्य गिरवावा.

परंतु या सर्व योगांचा मुकुटमणी म्हणजे 25 डिसेंबर. 2014 पासून हा दिवस सुशासन दिन म्हणूनही पाळला जातो. गोठ्याच्या देखाव्याशेजारी सुशासनाचा फलक लावताना मुख्याध्यापकांच्या मनात काय येत असेल ते त्यांनाच ठाऊक. परंतु ज्याने लूकचे शुभवर्तमान वाचले आहे त्याला हे निश्चित माहीत आहे की त्या बालकाचा जन्म गोठ्यात झाला तो मुळी एका सरकारी हुकुमामुळेच. कैसराने शिरगणतीचे फर्मान काढले, प्रत्येकाने मूळ गावी जाऊन नाव नोंदवावे असा दंडक ठरला, आणि दिवस भरत आलेल्या मरियेस घेऊन योसेफास बेथलेहेमची वाट धरावी लागली. त्या शिरगणतीच्या कामावर कोणास नेमले होते, याचा उल्लेख शुभवर्तमानात नाही. आमचा तर्क असा की ते प्राथमिक शिक्षक असावेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने शिक्षकास अशैक्षणिक कामांतून मुक्त केले, आणि त्याच वाक्याच्या उत्तरार्धात जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक एवढ्या तीन किरकोळ बाबी अपवाद म्हणून राखून ठेवल्या.

नाताळाच्या सुमारास मराठवाड्यातील कापसाचा जो कल्पक उपयोग आमच्या दृष्टीस पडतो, त्याची दखल कृषी खात्याने घ्यावयास हवी होती. ज्या कापसास बाजारात भाव मिळत नाही, तोच कापूस येथे सांताक्लॉजची दाढी होतो, झाडावरचे हिम होतो; आणि काटकसरी माता तीच दाढी पुढल्या आषाढापर्यंत जपून ठेवून चिरंजीवास वृद्ध वारकरी म्हणून दिंडीत उभे करते. हे सर्वधर्मसमभावाचे दर्शन आम्हांस मनापासून भावते, यात उपहास नाही. दिंडीत टाळ धरलेला पाच वर्षांचा पोर गोडच दिसतो, आणि ती दिंडी धर्मभगिनींच्या शाळेची असली तर अधिकच.

मराठी भाषा गौरव दिनी मात्र आमच्या पोटात कालवते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत 27 फेब्रुवारीला मुली नऊवारी नेसून येतात, मुले फेटे बांधून येतात, आणि कुसुमाग्रजांच्या तसबिरीस हार घातल्यानंतर संपूर्ण सूत्रसंचालन इंग्रजीत होते; डबा खाताना एखादा फेटा मराठीत बोलला तर दुसऱ्या दिवशी त्यास दंड. ज्यांच्या अनुकरणाचा हा सारा आटापिटा, त्या परंपरेतला फादर थॉमस स्टीफन्स हा जातीचा इंग्रज 1579 साली गोव्यात आला, त्याने मराठी आत्मसात केली आणि 1616 साली ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापून सिद्ध केले. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादेस भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांजकडे होते. आज हे दोघे प्रवेशासाठी आले, तर पालकांच्या मुलाखतीत घरी कोणती भाषा बोलता या प्रश्नावरच त्यांचा अर्ज बाद होईल.

दिनमाहात्म्याचा खरा देव म्हणजे छायाचित्र. ज्याचे छायाचित्र खात्याच्या दुव्यावर चढले नाही, तो उत्सव झालाच नाही, असा आता दंडक आहे. वाचन प्रेरणा दिनी प्रत्येक मुलाच्या हाती पुस्तक देतात. ते उलटे धरलेले नाही, एवढी खातरजमा करून कळ दाबतात, आणि पुस्तके परत कपाटात जाऊन कपाटास कुलूप लागते. संविधान दिन, विज्ञान दिन, गणित दिन, एकता दिन, हातधुणे दिन. शिवाय बालवर्गासाठी लाल दिन, पिवळा दिन, आणि ज्या पालकाच्या घरी जांभळा सदरा नाही त्याच्यासाठी अर्ध्या रात्रीचा जांभळा दिन.

त्याच शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षास 200 कामाचे दिवस आणि 800 तास अध्यापन मुक्रर केले आहे. दिन साजरा करावयाचा म्हणजे त्याची आदल्या दिवशी तालीम आणि दुसऱ्या दिवशी अहवाल. हा हिशेब आम्ही मांडू लागलो आणि वजाबाकी ऋण येऊ लागताच कागद बाजूस ठेवला. 2022 च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकणारी मुले 42.8 टक्के निघाली. उरलेल्यांना नृत्य उत्तम येते.

यास्तव आम्ही शासनदरबारी एक दरखास्त रुजू करीत आहो. वर्षातून एक दिवस 'अध्यापन दिन' म्हणून घोषित व्हावा. त्या दिवशी शिक्षकाने वर्गात जावे, फळ्यावर तारखेखेरीज आणखीही काही लिहावे, आणि विद्यार्थ्यांनी नेहमीच्या पोशाखात येऊन वाचन करावे. प्रश्न उरतो तारखेचा. 27 फेब्रुवारी भाषेने अडविली, 28 विज्ञानाने. 29 मोकळी दिसते. परंतु त्याच तारखेस 1896 साली मोरारजी देसाई जन्मले. सुदैवाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात मुंबईत गोळीबार झाला, त्यांची जयंती शाळाशाळांतून साजरी करा असे परिपत्रक मंत्रालयातून निघण्याचा संभव अत्यल्प. तेव्हा 29 फेब्रुवारी 2028 मुक्रर करावी. त्या दिवशी मंगळवार येत असल्यामुळे रविवारही आडवा येत नाही. मंडप नको, असे आम्ही दरखास्तीत स्पष्ट लिहिले आहे. मंडप नसेल तर प्रमुख पाहुणे कोठे बसतील, असा खुलासा मागविला जाणार हे गृहीत धरून, त्यांनी मागच्या बाकावर बसून मुलांबरोबर एकोणिसाचा पाढा म्हणावा, अशी पुरवणीही सोबत जोडली आहे.