फोन बंद, वसुली चालू : ब्लॅकबेरीस अनावृत पत्र

रा. रा. ब्लॅकबेरी कंपनी,
मु. पो. वॉटर्लू, ऑन्टारिओ, कॅनडा यांसी,
सा. न. वि. वि.

माल बनवावा, विकावा आणि नफा कमवावा, असा धंद्याचा बाळबोध धडा आम्ही शिकलो. त्यामुळे सप्टेंबर २०१६ मध्ये आपण स्वतः फोन बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केलेत, तेव्हा आम्ही भाबडेपणाने हळहळलो. पुढच्याच मे महिन्यात चिपवाल्या क्वालकॉमकडून आपल्या पदरात ९४ कोटी डॉलर पडले! फोन विकून एवढे सुख कुणाला लाभते?

वाद म्हटला तर साधाच. पेटंटांच्या ठरावीक रॉयल्टीवर कमाल मर्यादा घालायचे क्वालकॉमने कबूल केले होते. आपण भरलेल्या पैशांना ती मर्यादा लागू होते की नाही, एवढाच प्रश्न. कोर्टात न जाता दोघांनी लवाद नेमला. सुनावणी सान डिएगोत, म्हणजे क्वालकॉमच्याच गावात, झाली. पंचांनी आपल्या बाजूने ८१ कोटी ४९ लाखांचा कौल दिला आणि व्याज व वकिलांची फी धरून तो आकडा ९४ कोटींवर गेला. निर्णय पटला नाही, पण अपिलाची सोय नाही, असे क्वालकॉमने सांगितले. शिवाय हा निकाल ब्लॅकबेरीच्या करारापुरताच, इतरांनी आशाळभूत होऊ नये, हेही बजावले.

रॉयल्टीच्या भांडणातून पैसे मिळवण्याची ही विद्या आपण फुकट शिकलेली नाही, हे आम्ही जाणतो. आपले नाव रिसर्च इन मोशन होते तेव्हाची गोष्ट. व्हर्जिनियातली एनटीपी कंपनी काही बनवत नव्हती, नुसती पेटंटे बाळगून होती. पेटंट कार्यालय त्याच पेटंटांवर शंका घेत असतानाही, तिच्या दाव्यामुळे आपली ईमेल सेवा बंद पडेल या धास्तीने २००६ मध्ये आपण तिला ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजलेत. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या लवादाने सांगितले की, नोकियाशी रॉयल्टी ठरवल्याशिवाय आपल्याला वाय-फायवाली उपकरणे विकता येणार नाहीत. आणि क्वालकॉमचे पैसे मिळाले त्याच २०१७ सालच्या डिसेंबरात दुसऱ्या लवादाने नोकियाला १३ कोटी ७० लाख द्यायला लावले. एका हाताने घेतलेत, दुसऱ्याने दिलेत. हिशेबाला आपण पक्के.

आमची तक्रार वेगळीच आहे. फोरजीसारखे मानक सगळ्यांनाच वापरावे लागते. म्हणून त्यातली पेटंटे बाळगणारे आधी वचन देतात, की परवाना वाजवी दराने आणि भेदभाव न करता देऊ. मग दराचे भांडण लवादाच्या बंद दाराआड मिटते आणि दर गुपित राहतो. शेजाऱ्याला काय भाव लावला हे कळलेच नाही, तर भेदभाव झाला नाही हे ठरवायचे कुणी? कोर्टात निदान निकालपत्र हाती येते. एखादे पेटंट पोकळ निघाले तर ते सगळ्यांपुढे उघडे पडते. त्याचीच तर भीती आहे ना? लवाद जलद असतो, खर्च वाचतो, ही कारणे खरीच. पण ती पुढे करताना दोन्ही पक्षांचे चेहरे जरा जास्तच समाधानी दिसतात. रॉयल्टी शेवटी फोनच्या किमतीत येऊन बसते आणि ती भरणाऱ्याला पावतीवर तिचे नावही दिसत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. निवाड्याची अख्खी प्रत नको, आपली गुपिते आपल्यापाशी ठेवा. फक्त एका फोनमागे कुणी कुणाला किती दिले, तेवढा आकडा छापा. क्वालकॉम आणि नोकिया यांनाही सांगा.

आपला,
पैसे भरणारा एक ग्राहक

ता. क. : २०२३ मध्ये आपण सुमारे ३२,००० पेटंटे व पेटंट-अर्ज मालिकी इनोव्हेशन्स या कंपनीला विकलेत, कमाल ९० कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यात. म्हणून या पत्राची एक प्रत त्यांनाही पाठवली आहे.