गच्चीची किल्ली आणि गुरू महाराज

ग्रह बघायला दुर्बीण लागत नाही की आडरान लागत नाही. लागते ती सोसायटीच्या गच्चीची किल्ली. बोईसरमध्ये बाकी सगळं मिळतं.

मुंबईच्या खगोल मंडळाची माणसं आकाशदर्शनासाठी वांगणीला जातात, कारण आकाशगंगेला काळोख हवा. ग्रहांचे असले नखरे नाहीत. शुक्र आणि गुरू तर इतके ठसठशीत, की तारापूर एमआयडीसीचे सगळे दिवे आणि वर हवेतलं जे काय असेल ते, यांना पुरून उरतात. तेव्हा घरूनच बघावं म्हणून मी सेक्रेटरींकडे किल्ली मागितली.

"रात्री गच्चीवर काय काम?"

"गुरू बघायचाय."

त्यांनी आधी माझ्या डोळ्यांत पाहिलं, मग जवळ येऊन श्वास घेतला. "वर पाण्याच्या टाक्या आहेत," एवढंच म्हणाले. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून आमच्या शेजारी चालू आहे. पण त्याचा बंदोबस्तसुद्धा आमच्या टाक्यांइतका कडक नसावा.

अखेर त्यांनी किल्ली दिली, पण सोबत स्वतः आले. ते आले म्हणून तिसऱ्या मजल्यावरचे काका आले आणि काय चाललंय ते बघायला वहिनी आल्या. २०२६चा जानेवारी होता. १० तारखेला गुरू सूर्याच्या बरोबर समोर आला होता, म्हणजे दिवस मावळला की पूर्वेला हजर आणि रात्रभर मुक्काम.

काकांनी आल्या आल्या मंगळ शोधला. कारखान्याच्या चिमणीवरचा लाल दिवा.

"काका, तो रोज तिथेच असतो."

"मग बरंच की! स्थिर मंगळ. कुणाला त्रास नाही."

मी त्यांना खूण सांगितली. तारा ठिपक्याएवढा, म्हणून हवेच्या हेलकाव्यानं लुकलुकतो. ग्रहाला थोडी का होईना तबकडी असते, म्हणून तो शांत जळतो. क्षितिजाशी मात्र दोघांचाही भरवसा नाही. लुकलुकत नाही पण सरकतंय, ते मुंबईला उतरणारं विमान. आणि उत्तरेला ध्रुवाजवळ ग्रह शोधायची खटपटच करू नये. सूर्य-चंद्र ज्या वाटेनं जातात, त्याच पट्ट्यात सगळे ग्रह. हे बोईसरकराला समजावणं सोपं, कारण रूळ सोडून कुणी जात नाही हे तो जन्मभर पाहतोय. ग्रह वक्री होतो म्हणजे काय, हेही इथं चटकन कळतं. राजधानी डहाणू लोकलला मागे टाकते, तेव्हा राजधानीतल्या माणसाला लोकल उलटी चालल्यासारखी वाटते. पृथ्वी आतल्या रुळावरून झपाट्यानं मंगळ-गुरूला मागे टाकते, तेव्हा तेही तसेच मागे सरकताना दिसतात. आयुष्यात एवढ्या एकाच ठिकाणी आपण राजधानीत बसलेलो असतो.

सेक्रेटरींच्या बोटात पुष्कराज होता, खास गुरूसाठी. पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळचा पिवळसर तेजस्वी गोळा मी त्यांना दाखवला.

"हा? एवढाच?" त्यांनी एकदा अंगठीकडे पाहिलं, एकदा वर.

"पृथ्वीसारखे तेराशे गोळे मावतील त्यात."

"बाप रे. मग मेंटेनन्स?"

वहिनींनी पश्चिमेकडे पाठ फिरवली होती. तिकडे शनी आहे असं मी चुकून बोलून गेलो होतो. "मुद्दाम कशाला त्याच्या नजरेला पडायचं?" त्यांचं म्हणणं. आमच्याकडे ग्रहांची ओळख ही अशी! मंगळ कुणाच्या कितव्या घरात आहे हे शेजारच्यांसकट सगळ्यांना पाठ. आकाशात तो समोर आला तर कुणी ओळखणार नाही. खरं तर साडेसातीचं गणित आकाशातूनच आलंय. शनीला एक फेरा घालायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून प्रत्येक राशीत सुमारे अडीच वर्षं, तीन राशींची साडेसात. तो सावकाश चालतो, एवढाच त्याचा अपराध.

काकांनी मात्र शनीसाठी दुर्बीण घेतली होती, त्याची कडी नातवाला दाखवायला. नेमकी २०२५ मध्ये. त्या मार्चमध्ये कडी आपल्याकडे काठ करून उभी राहिली आणि वर्षअखेरपर्यंत जेमतेम रेघ उरली. पंधराएक वर्षांनी एकदा असं होतं. "पैसे मोजले की वस्तू गायब," काका म्हणाले. त्यांनी दुकानदारालाही फोन केला होता.

राहिला बुध. तो सूर्यापासून अठ्ठावीस अंशांपलीकडे कधी जात नाही, त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेला जरा दिसतो न दिसतो तोच मावळतो. बोईसरच्या इमारतींत त्याचा पत्ता लागायचा नाही. चिंचणीच्या किनाऱ्यावर पश्चिमेला नुसता समुद्र आहे, तिथं तो सापडतो. तिथं कुणाची किल्लीही लागत नाही, भेळवाल्याचा दिवा तेवढा पाठीशी घ्यावा. पावसाचे चार महिने अर्थात सगळंच बंद.

आता १९ फेब्रुवारी २०२७ ला मंगळ सूर्यासमोर येतोय आणि गुरूही त्याच महिन्यात. दोघंही संध्याकाळी पूर्वेला, जवळजवळ. थंडी असेल, आकाश बहुधा निरभ्र. ज्यांच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा अजून व्हायची आहे, त्यांनी गच्चीच्या किल्लीचा विषय आत्ताच अजेंड्यावर घालावा.