एक जूनची डुकरं

चिनी ज्योतिष फार सोयीचं. नक्षत्र नको, जन्मवेळ नको. नुसतं साल सांगा, प्राणी हजर. पण नगर जिल्ह्यात नेमकं सालच कुणाला विचारू नये.

आमच्या पाथर्डी तालुक्यात माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जूनला येतो. त्यामागे ग्रह नाहीत, गुरुजी आहेत. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की वय भरलं, मग त्या बेताने दाखल्यावर तारीख पडायची. माझा चुलतभाऊ तात्या बहात्तरच्या दुष्काळातला, दिवाळीनंतरचा. त्याचा हात लांब निघाला, म्हणून तो 1 जून 1971 चा झाला.

आता 1972 हे साल उंदराचं आणि 1971 डुकराचं. उंदीर म्हणे चतुर, काटकसरी, दाणागोटा साठवणारा. डुक्कर दिलदार, खाण्यापिण्याचं शौकीन. तात्या जन्मला तेव्हा चुलती दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि घरात सुकडी नि अमेरिकेची लाल मिलो. साठवणार काय, कपाळ? तरी तात्या अस्सल उंदीर निघाला. ताटात शीत ठेवत नाही, दुधाची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालतो. सरकारदरबारी मात्र तो डुक्करच. त्याची 58 वर्षं 31 मे 2029 ला भरतात. खऱ्या जन्मावर गेला असता तर आणखी दीड वर्ष नोकरी होती. उंदराचा पगार डुकराने खाल्ला, असं वहिनी पाहुण्यांसमोर सांगतात.

या प्राण्यांचा क्रम म्हणे शर्यतीत ठरला. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून नदी उतरला आणि काठ येताच उडी मारून पहिला आला. साखर कारखान्याच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. बैल दुसरा आला, म्हणजे व्हाइस चेअरमन.

माझी तक्रार वेगळीच आहे. बारा जणांत गाढव नाही! मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा केवढा बाजार भरतो, आणि यांच्या यादीत एकही नग नसावा? आपल्या पंचांगाने असा पंक्तिप्रपंच केला नाही. त्याने पावसाच्या नक्षत्रांना वाहनं दिली, त्यात गाढव आहे. हत्ती, बेडूक, म्हैस आली तर भरपूर पाऊस, गाढव आलं तर मध्यम, कोल्हा आला की बोंब. आमच्याकडे वाहन कुठलंही असो, पाऊस घाटघर-भंडारदऱ्यालाच उतरतो. पाथर्डीपर्यंतचं तिकीट तो काढतच नाही.

तेव्हा 1 जूनवाल्यांनो, आपला चिनी प्राणी शोधण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपण झालो तेव्हा विहिरीला पाणी होतं का. आणि जन्म जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला निघाला तर आदल्या सालचा प्राणी धरा. चिनी वर्ष 21 जानेवारीच्या आधी लागत नाही.