भिंती पाडणाऱ्या साहेबांस खुले पत्र

मा. वास्तुविशारद महोदय,

विषय : भिंती पाडून संवाद वाढविल्याबद्दल आभार मानण्याबाबत.

सविनय सादर की, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तहसील कार्यालयात आपण जुन्या खोल्या मोडून एकच प्रशस्त हॉल केलात, त्याचा लाभ आम्ही रोज घेत आहोत. आस्थापनेतल्या बाईंच्या मुलीचं लग्न कुठे अडलं, हे पुरवठा शाखेला पाठ आहे. निराधार शाखेत कोणी कोणाला किती उसने दिले, ते निवडणूक शाखा तारखेसह सांगते. खाली चकचकीत टाइल्स, समोर काच. एकही शब्द वाया जात नाही, आपटून परत येतो.

मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे सरकला की खिडकीतले कूलर घरघरायला लागतात. कूलरच्या वरताण माणसं बोलतात, माणसांच्या वरताण फोनवाले. सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२१ मध्ये परिपत्रक काढून कार्यालयात मोबाइलवर हळू बोलायला सांगितलं होतं. आमच्याकडे ते ओरडून वाचावं लागलं.

या गोंगाटात आम्ही करतो काय? अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्या. नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, खाते क्रमांक. मदत हेक्टरी दराने मिळते. कपाशीचं क्षेत्र ०.४० ऐवजी ०.०४ टंकलं गेलं, की यादीत शेतकऱ्याचं क्षेत्र दहावा हिस्साच उरतं, मदतही घटते. मग तो काउंटरवर येतो : "काहून जी, माहं वावर आटलं काय?" त्याची कर्जं, भावाभावांतली वाटणी, सगळं तो अख्ख्या हॉलसमोर सांगतो. निदान त्याच्यासाठी तरी एखादी भिंत ठेवायची होती.

भिंती गेल्या की संवाद वाढतो, या आपल्या मताची माणसं जगात पुष्कळ आहेत म्हणा. पण हार्वर्डच्या बर्नस्टाईन आणि टर्बन या संशोधकांनी भिंती काढलेल्या कंपन्यांतल्या माणसांचं बोलणं मोजून तपासलं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापला : समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. तिथली माणसं बिचारी गप्प तरी बसली. आम्ही पडलो वऱ्हाडी.

आपल्या कल्पकतेला एकच जागा अपवाद राहिली, तहसीलदार साहेबांची केबिन. तिला भिंती आहेत, दार आहे, एसी आहे, दाराशी शिपाई आहे. तिथे यादीवर सही होते. आकडे मात्र हॉलमध्ये भरले जातात.

तरी विनंती की, पुढच्या पंचनाम्यांआधी हॉलच्या एका कोपऱ्यात छतापर्यंत पार्टिशन घालून याद्यांच्या चार टेबलांना खोली द्यावी आणि काउंटर व्हरांड्यात न्यावा. निधी नसेल तर साहेबांनी हॉलमध्ये बसावं, आम्हाला केबिन द्यावी. सही गोंगाटातही करता येते.

आपला नम्र,
यादीवाला लिपिक