देवाच्या घराची मोजणी

रोमचे सेंट पीटर चर्च, ज्याचा पाया 1506 साली घातला गेला, अभिषेक 1626 साली झाला आणि ज्याच्या खर्चासाठी पापमाफीचे दाखले विकण्याच्या पायी उत्तर युरोपाचा बराच मुलूख धर्मपीठाच्या अमलाबाहेर गेला, त्यात पाऊल ठेवताच प्रथम मायकेलअँजेलोच्या घुमटाकडे पाहावे, असा माझा मानस होता. परंतु भूमापन खात्यातून पेन्शनीत निघालेल्या माझ्या स्नेह्यांची दृष्टी खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे जमिनीवरच खिळली. तेथे लंडनचे सेंट पॉल, मिलान आणि फ्लॉरेन्स येथील कथीड्रले इत्यादिकांची लांबी कोठवर पोचते, हे फरशीत नावनिशीवार नोंदविलेले आहे. अर्थात ती सारी आतच संपतात. विनयाचा उपदेश जेथून पृथ्वीभर रवाना होतो, तेथेच इतरांच्या उणेपणाचे दप्तर इतके चोख ठेवलेले पाहून स्नेह्यांस जो सात्त्विक आनंद झाला, तो 1972 च्या हातोडाहल्ल्यानंतर काचेआड गेलेल्या ‘पिएता’ या शिल्पासमोरही झाला नाही. मात्र, “मोजणीपूर्वी संबंधितांस नोटिसा बजावल्या होत्या काय?” अशी रीतसर पृच्छा त्यांनी रखवालदाराकडे केली, त्यास मराठी अवगत नसल्याने प्रकरण तूर्त तहकूब आहे.