डॉक्टरशेठ

आमच्या वरच्या मजल्यावर तीन नंबरच्या खोलीत दोन डॉक्टर, एक डॉक्टरशेठ आणि एक कूलर राहतात. लातुरात नीटच्या क्लासची फी भरली की पोरगं डॉक्टर होतं. एमबीबीएस वगैरे नंतरच्या गोष्टी. ‘शेठ’ ही पदवी मात्र कमवावी लागते. त्यासाठी डॉक्टरकीची तयारी करता करता गुपचूप बी.कॉम.ला नाव घालावं लागतं.

मी घरमालक, बायको मेस चालवते. पोरं मला मामा म्हणतात आणि तिला काकू. नातं काही जुळत नाही, पण भाडं वेळेवर येतं, म्हणून मी खोलात जात नाही.

हा डॉक्टरशेठ लोहा तालुक्यातला. पहिली नीट, २०२३ ची, नांदेडात राहून दिली. तिथलं पाणी मानवलं नाही म्हणून वडिलांनी उचलून लातूरला आणला. गोदावरीचा काठ सोडून कुठं, तर जिथं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं तिथं! पण रिपीटरच्या बापाला असलं काही सांगायचं नसतं. जाताना त्यांनी मला जिन्यात गाठलं. “मालक, बी.कॉम.ला बी टाकून ठिवलंय त्याला. पावण्यारावळ्यानं इचारलं तर सांगाय काहीतरी पाह्यजे. नुसतं रिपीट करायलंय म्हणलं की लेकरू रिकामं बसलंय असं वाटतंय लोकाला.”

म्हणजे डिग्री पोरासाठी नव्हतीच, पाहुण्यांसाठी होती.

बी.कॉम.च का, तर बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलं असतात, हजेरी मागतात. कॉमर्सला सायन्सवाल्याची बारावी चालते. त्याच्या मागून आलेली एक-दोन पोरं बीबीए करू म्हणत होती, पण २०२४ पासून त्यालाही सीईटी लागली. एक प्रवेश परीक्षा जमेना म्हणून हाताशी डिग्री ठेवायची, आणि तिलाही प्रवेश परीक्षा! पोरांनी नाद सोडला. आमच्या शेठचं कॉलेज नांदेडकडचं, विद्यापीठ नांदेड-लातूरला एकच, स्वामी रामानंद तीर्थ. परीक्षा आली की अहमदपूर-लोहा मार्गे एसटीनं जायचं, तीन तास लिहायचं, आणि रात्रीच्या जेवणाला परत. कुणी विचारलं तर “गावाकडं कार्य होतं.”

खोलीत त्याच्या कॉटच्या डोक्याशी क्रेब्ज सायकल चिकटवलेली आहे आणि पायथ्याशी घसाऱ्याच्या दोन पद्धती. झोपेत कूस बदलली तर अभ्यासक्रम बदलतो. एका रात्री पाण्याची टाकी भरली का बघायला वर गेलो, तर तो दोन्ही डॉक्टरांना रक्ताभिसरण समजावत होता. “शरीराकडून आलेलं उजवीकडं, ती जमा बाजू. शरीराला दिलेलं डावीकडं, ती नावे. मधी फुफ्फुस म्हणजे बँक.” मी कॉमर्स शिकलो नाही, सायन्सही नाही, पण हृदय मला त्या रात्री टाकीच्या झाकणावर हात ठेवून कळलं.

२०२४ ला त्याचे मार्क ३९१ वरून ४२१ झाले आणि रँक मागं गेली. तो निकाल ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्याच दिवशी आला होता. खाली मी टीव्हीवर आघाडी-पिछाडी बघत होतो, वर हा स्वतःची बघत होता. त्या दिवशी ७२० पैकी ७२० वाले ६७ निघाले. दोन्ही डॉक्टर रडवेले झाले, शेठनं कॅल्क्युलेटर काढला. “मामा, ही महागाई झाली. मार्क वाढले, पण त्यात आता काहीच येत नाही.” मग खर्चाचा आकडा मांडला. क्लास, खोली, मेस मिळून वर्षाचे एक लाख ऐंशी हजार, वाढलेले मार्क तीस, म्हणजे एक मार्क सहा हजाराला. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता, आणि मोंढ्यात तेवढाही मिळत नव्हता. “बापूनं क्विंटलभर सोयाबीन घातलं तरी मला एक मार्क पडत नाही,” म्हणाला, आणि उठून फिजिक्सला बसला. पुढच्या वर्षी फिजिक्सचा पेपर असा आला की सगळ्यांचेच मार्क कोसळले. याचेही.

उद्योग भवनाच्या आसपास आमचा ट्यूशन एरिया उगाच नाही वाढला. तिथं रोज हजारो पोरं पाठीवर सॅक घेऊन चालतात, पण धंदा म्हणून त्याकडं बघणारा मला हा एकटाच भेटला. चुकलेला प्रश्न म्हणजे रोख तोटा, सोडून दिलेला म्हणजे न विकलेला माल, असं तो म्हणतो. परीक्षेत मात्र माल ठेवून घेत नाही, सगळा विकतो, आणि प्रत्येक चुकीला एक मार्क वजा होतो.

मध्यंतरी त्याला कुठून तरी कळलं की अमेरिकेत आधी चार वर्षांची डिग्री घेतात, ती धंद्याची असली तरी चालते, सोबत केमिस्ट्री-बायोलॉजीचे ठरलेले विषय करायचे आणि मग मेडिकलला जायचं. केवढा तरतरीत झाला! “काकू, मी मागं नाही, मी अमेरिकन पद्धतीनं चाललोय.” बायको भाकरी थापत होती. म्हणाली, “मग तिकडं लग्नं कवा करतेत रे?”

तिच्या मेसचा हिशोब आता तोच बघतो. दूधवाल्याची महिन्याला दोन लिटरची गफलत त्यानंच काढली. गल्लीतला झेरॉक्सवाला, पाण्याचे जार देणारा, सगळे रात्री दहानंतर वह्या घेऊन जिना चढतात. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे, मार्क चांगले पडतात, पण त्याबद्दल बोललं की चोरी पकडल्यासारखा लाजतो. “ते आपलं असंच, मामा. खरी तयारी नीटचीच.” कमाल वयाची अट २०२२ पासून गेली आहे, त्यामुळं घाई कुणालाच नाही.

परवा बायकोचा गुडघा धरला. दवाखान्यातून आली आणि चिठ्ठी, गोळ्या, बिल सगळं त्याच्यापुढं ठेवलं. घरात डॉक्टर असताना माझ्याकडं कशाला देईल? त्यानं चिठ्ठी बाजूला सारली आणि बिल उजेडात धरलं. “काकू, ही स्ट्रिप जुन्या किमतीनं लावली. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधावरचा जीएसटी बाराचा पाच टक्के झालाय. उद्या मी जाऊन पैसे परत आणतो.”

“आण बाबा,” ती म्हणाली. “पण ही गोळी जेवायच्या आधी घ्यायची का नंतर?”

त्यानं स्ट्रिप उलटीपालटी करून बराच वेळ बघितली.

“ते डॉक्टरला विचारा.”