सेफ्टी व्हॉल्व्हला डाट मारणाऱ्या मिस्त्रीसाहेबांस अनावृत पत्र

आदरणीय मिस्त्रीसाहेब,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले आहेत. लोणावळ्यात वळवणच्या बाजूला आमची आई एकटी राहते. तिच्या न्हाणीघरातला १५ लिटरचा गिझर आपणच बसवलात आणि पुढची ३ वर्षं आपणच सांभाळलात. दर वेळी चपला दाराबाहेर काढून आलात, तिला ‘आजी’ म्हणालात, तिच्या हातचा चहा घेतलात. इतकी अदब हल्ली कुठे दिसते! हे पत्र मी मुद्दाम चारचौघांदेखत लिहिते आहे. मावळात आपलं काम मोठं आहे. लोणावळ्यापासून कामशेत-पवनानगरपर्यंत ज्यांच्या गिझरला आपला हात लागला असेल, त्यांनाही आपली किमया कळली पाहिजे.

पहिले आभार थेंबांबद्दल. गिझर बसवून आठ दिवस झाले नाहीत तोच त्याच्या खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी टपकायला लागलं. आईने फोन केला, आपण तातडीने आलात, मान वर करून पाहिलंत आणि म्हणालात, “आजी, व्हॉल्व्ह गळतोय. बंदच करून टाकतो.” एक पितळी डाट, त्यावर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे आणि पान्याने करकचून दिलेला एक पीळ. पाच मिनिटांत फरशी कोरडी. आई आठवडाभर शेजारणींना आपलं कौतुक सांगत होती.

मिस्त्रीसाहेब, तापलं की पाणी फुगतं. २० अंशांचं १५ लिटर पाणी ७५ अंशांवर नेलं तर ते सुमारे ३५० मिलिलिटरने वाढतं, म्हणजे दोन फुलपात्रं पाणी. ते टाकीत मावत नाही, आणि थंड पाण्याच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्यामुळे मागेही फिरू शकत नाही. त्यासाठीच ती खालची वाट कारखान्याने ठेवलेली असते. तापताना तिथून थेंब पडले की समजावं, व्हॉल्व्ह आपलं काम करतो आहे. आपण गळती म्हणून जे थांबवलंत, ते गिझरचं शहाणपण होतं.

वाट बंद झाल्यावर दाबाने दुसरी शोधली. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ ठिबकू लागला. आपण दोनदा त्याचा वॉशर बदललात आणि दोनच वेळा पैसे घेतलेत, याबद्दलही ऋणी आहोत.

मग आवाज सुरू झाले. आमच्या आईच्या कानांविषयी आपल्याला थोडं सांगायला हवं, कारण आपण ते म्हातारीचे कान समजलात. तिचं माहेर तळेगावचं. तिथल्या न्हाणीत पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या आणि गोवऱ्यांचे तुकडे टाकायचे, वरच्या तोंडात तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत पाणी पडायचं. बंब आधी गप्प असे, मग बारीक सूं लागे, मग खदखदे. माझी आजी चुलीपुढून न उठता त्या आवाजावरून ओरडायची, “विसण घ्या गं, पाणी कढलं!” आई त्या घरात वाढली. पाण्याला बोलताना तिने ऐकलंय. आणि बंबाचं तोंड उघडं होतं, साहेब. तो कितीही कढला तरी वाफ वरून निघून जायची, घर शाबूत राहायचं.

तर त्या कानांनी आईने आपल्याला सांगितलं होतं, “सुरू केल्यावर थोडी टकटक होते, ती रोजचीच आहे. पण नंतर आत कुणीतरी वाळूत शेंगदाणे भाजतंय असं वाटतं. हे नवीन आहे.” निदान तिने करून दिलं होतं. आपल्याला फक्त ऐकायचं होतं. टकटक म्हणजे तापताना पसरणारा पत्रा, आणि मधूनच येणारा एक ‘टक्’ म्हणजे थर्मोस्टॅट. त्यांची भीती नसते. पण दाणे भाजल्यासारखा आवाज म्हणजे हीटिंग एलिमेंटवर क्षारांची खपली धरली आहे. खपलीच्या खाली अडकलेलं पाणी जागच्या जागी वाफ होतं, फुटतं, पुन्हा अडकतं. आमच्या सोसायटीत पाणी बोअरचं. बेसॉल्टच्या भेगांतून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येणारं ते पाणी तापलं की आपला पांढरा हिशेब मागे ठेवून जातं. आपण म्हणालात, “लोणावळ्याची थंडी आहे आजी, आवाज येणारच.” लोणावळ्याच्या थंडीला एवढा मान कुणी दिला नव्हता.

भिंतीतून ‘ठाण्’ असा दणका येतो, हेही तिने सांगितलं. आपण म्हणालात, घूस असेल. लोणावळ्यात राहून हे बोललात, म्हणून जास्त लागलं. वळवण, लोणावळा, शिरवता इथल्या तलावांचं पाणी टाटांनी १९१५ पासून ५०० मीटरहून अधिक उंचीवरून घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. वाहतं पाणी एकदम अडवलं की त्याचा धक्का नळाला बसतो, हे त्या कामावरच्या साध्या मजुरालाही ठाऊक असणार. आमच्या घरात पाव फेऱ्याचा नळ झटकन बंद होत होता आणि आपण पाइपला क्लॅम्पच मारले नव्हते. दोन क्लॅम्प, साहेब. घुशीचा त्यात काही संबंध नव्हता.

आता ज्या कामाबद्दल आपले आभार मानताना हात थरथरतो, त्याकडे येते. गेल्या पावसाळ्यात गिझर मधेच बंद पडू लागला. बाहेर महिना-महिना धुकं, गच्चीवरचं सोलर नावापुरतं, कपडे वाळत नाहीत, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला आंघोळीला गरम पाणी नाही. आपण आलात आणि झाकण उघडून दहा मिनिटांत गिझर सुरू केलात. आईने विचारलं, काय झालं होतं? आपण म्हणालात, “कटआऊट सारखा उडत होता. डायरेक्ट करून दिलाय.”

डायरेक्ट! थर्मोस्टॅट चिकटला होता, पाणी थांबायच्या ठिकाणी थांबत नव्हतं, म्हणून कटआऊट जिवाच्या आकांताने वीज तोडत होता. आपण त्यालाच वगळलंत. खाली डाट होताच. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच आहे, उघड्या पातेल्यात इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. बंद टाकीत दाबाखाली ते उकळत नाही, नुसतं तापत राहतं. टाकी फाटली, दाब गेला, की त्यातलं काही पाणी त्या क्षणी वाफ होतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. त्या गिझरखाली, दीड हातावर, प्लास्टिकच्या पाटावर आमची आई बसते.

मी लोकलने पुण्याहून आले त्या दिवशी ती म्हणाली, “आता भाजल्यासारखा आवाज कमी झालाय, पण मला ते बरं वाटत नाही.” मी मेन स्विच बंद केला. कामशेतहून एक वयस्क मेकॅनिककाका आले. त्यांनी एलिमेंट बाहेर काढलं आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवलं. मूळ नळी दिसतच नव्हती. मातकट पांढऱ्या पापुद्र्यांवर पापुद्रे, जुनी कुरडई मोडावी तसे बोटाने मोडत होते. टाकीतून तसलाच चुरा दोन वाट्या निघाला. टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड असतो, त्याची तार उरली होती. काका काही बोलले नाहीत. डाटाकडे मात्र बराच वेळ बघत राहिले.

आपल्या कर्तृत्वाची आणखी एक खूण मला शनिवार-रविवारी भाड्याने जाणाऱ्या एका बंगल्यात दिसली. तिथल्या सांभाळणाऱ्या मावशींनी दाखवली. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत, धुकं येऊ नये म्हणून खिडकीला थर्माकोल. टिक्-टिक्-टिक् होतं, पेटत नाही, मग ‘भप्प’ करून पेटतो. ज्योत निळी नाही, पिवळी. तो भप्प जमलेल्या गॅसचा. पण पिवळ्या ज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड बिनआवाजी असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत माणूस आंघोळ करता करता खाली बसतो आणि बाहेरच्यांना वाटतं, वेळ लागतोय. मावशींनी थर्माकोल काढून टाकला आहे आणि मालकांना गिझर बाहेर बसवायला सांगितलं आहे. त्यांनी आपलं मत विचारलं तर कृपा करून ‘काही होत नाही’ म्हणू नका.

बॉयलरच्या कायद्यात २५ लिटरपेक्षा लहान भांडं येतच नाही. कारखान्यात बॉयलर तपासायला सरकारी निरीक्षक जातो. आईच्या न्हाणीघरात कुणी येत नाही. तिथे आपण येता. हातात पाना घेऊन, चपला बाहेर काढून, आपण एकटेच. म्हणून हात जोडून मागणं आहे: व्हॉल्व्ह टपकला तर डाट मारू नका. कटआऊट उडाला तर का उडाला ते शोधा. बोअरचं पाणी असेल तिथे वर्षातून एकदा टाकी उघडा, त्याचे वाजवी पैसे घ्या, कुणी नाही म्हणणार नाही. आणि वायरीच्या जोडापाशी गुणगुण ऐकू आली तर चहा नंतर घ्या, आधी वीज तोडा.

आपल्याला हे काम येत नाही, असं मी म्हणत नाही. आपला डाट तीन वर्षांत एक थेंबही गळला नाही.

आपली,
आजींची मुलगी

ता. क. डाट टेफ्लॉन टेपसकट पाकिटात घालून आपल्या दुकानी पाठवला आहे. नव्या व्हॉल्व्हखाली आईने एक फुलपात्र ठेवलंय. सकाळी त्यात टप्-टप् सुरू झालं की ती उठून टॉवेल घेते.